जगनमामाची मोटर

रविवार, एप्रिलचा पहिला. वेळ सकाळी दहा. जागा: भिवंडीजवळच्या कोन गावातली बाळारामकाकांची जुनी लूमची, म्हणजे यंत्रमागाची, शेड. हजर: बाळारामकाका, त्यांच्या पत्नी हिराकाकी, मुलगी दर्शना, जिचं लग्न चार आठवड्यांवर आलं आहे, निजामपुऱ्यातले भंगारवाले अन्वरभाई, आणि नोंदी ठेवायला मी, वरच्या मजल्यावरची भाडेकरू. गैरहजर: जगनमामा, म्हणजे काकींचा सख्खा भाऊ, राहणार खाडीपलीकडे. हा गैरहजर माणूस चार आठवड्यांनी हजर पाहिजे, नाहीतर दर्शनाला बोहल्यावर आणायला मामा नाही. आणि तो येणार की नाही, हे शेडच्या मधोमध निळ्या ड्रमात उभ्या केलेल्या एका जुन्या बोटीच्या मोटरवर ठरायचं होतं.

मोटरचं पुढे सांगते. आधी काका समजायला हवेत. काका दातांनी ऐकतात.

मी पडघ्याच्या एका गोदामात स्टॉक सांभाळते. तीन वर्षांपूर्वी मी इथे राहायला आले, तेव्हा आठवडाभरात माझा फ्रिज घुरघुरायला लागला. मी मेकॅनिकला फोन लावत होते, तेवढ्यात काका न विचारता आत आले. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लाकडी मुठीचा एक लांब पेचकस असतो. त्याचं टोक त्यांनी फ्रिजच्या पाठीला लावलं, मूठ दाढांमध्ये धरली आणि डोळे मिटले. एक अनोळखी म्हातारा माझ्या फ्रिजला चावतोय असं ते दृश्य होतं. दोन मिनिटांनी पेचकस तोंडातून काढून ते म्हणाले, "मशीन चांगली हाय. मागला डावा पाय अधांतरी हाय." मी पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवली. फ्रिज गप्प झाला. तो अजून गप्प आहे.

"पण दातात कशाला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाले, "कान गेलं. दात हायेत."

चाळीस वर्षं लूमवर काढली की कान जातात. काका आधी जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की तो चालू करून देणारे. नंतर त्यांनी स्वतःचे चार लूम टाकले. मग धंदा बसला, तीन लूम भंगारात गेले, चौथ्याचा सांगाडा शेडमध्ये राहिला. काकांना बाहेरगावी असलेल्या मुलाने कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते त्यांनी एकदा लावलं, "ह्यात नुसती माणसं ऐकू येतात" अशी तक्रार केली आणि उघडून आत काय आहे ते बघितलं. त्यानंतर ते मिटलं नाही.

सुरुवातीचे दोन महिने माझी समजूत होती की काका-काकींचं एकमेकांशी बोलणं नाही. दोघं अंगणात समोरासमोर बसत, तोंडातून शब्द नाही. मग लक्षात आलं की ते सतत बोलताहेत, फक्त हातांनी. काकी लग्नाआधी आणि नंतरही धाग्याच्या कांड्या भरायला शेडमध्ये होत्या. लूम चालू असताना तिथे कोणी कोणाला ऐकू येत नाही, म्हणून कामगारांच्या हातांच्या खुणा ठरलेल्या असतात. चिमूट उघडली की धागा तुटला. मनगट फिरवलं की शिफ्ट संपली. दोन बोटं कपाळाला लावली की शेट येतोय. याच खुणांवर या जोडप्याने संसार केला, मुलांची शाळा केली, जमिनीच्या वाटण्या केल्या आणि माझ्या समोर माझ्याबद्दल बोलून घेतलं. मी एकदा वही काढून खुणांची यादी करायला बसले, तर काकींनी बोटं कपाळाला लावली. तेव्हापासून त्या घरात मी शेट आहे.

काकांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचं एक वाक्य: "थोडं घासलं का बसंल." जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूत बसते, फक्त मधे कानस पाहिजे, असा त्यांचा विश्वास आहे. माझ्या दाराची कडी त्यांनी अशीच बसवली. ती आता बसते, पण निघायला दोन माणसं लागतात. दर्शनाचं लग्न ठरलं तेव्हा ती जरा कुरकुरत म्हणाली, "पप्पा, मुलगा चांगलाय, पण स्वभावाने थोडा हट्टी वाटतो." काकांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "थोडं घासलं का बसंल." होणारा जावई समोरच चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

आता मोटर.

जगनमामाची एक लाकडी होडी होती आणि तिला मागे लावायची टू-स्ट्रोक मोटर होती. अशा मोटरला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. तेल नसेल किंवा भलतंच असेल, तर आतला पिस्टन घासून चिकटून बसतो. बारा वर्षांपूर्वी पाच दिवसांचे गणपती विसर्जनाला खाडीत न्यायचे होते. मामा होडी घेऊन अलीकडे आला. निघताना कळलं की तेलाचा डबा घरी राहिला.

इथे काकांनी जे केलं, ते भिवंडीतला माणूसच करू शकतो. त्यांनी लूमचं तेल ओतलं. लूमचं तेल कापडावर उडतं, म्हणून ते पाण्याने धुऊन जाईल असं बनवलेलं असतं. काकांचा हिशोब सरळ होता: "दुकानातल्या तेलाचा डाग जात न्हाय. आमचं तेल पान्यात धुवून जातंय. होडीला यापेक्षा बरं काय?"

गणपती व्यवस्थित विसर्जित झाले. परत येताना मोटर खाडीच्या मधोमध एकदा किंचाळली आणि बसली. ओहोटी लागली होती. पाणी उतरत गेलं आणि होडी गाळात रुतली. मामा, काका आणि चार माणसं भरती येईपर्यंत तिथे उभी होती. काठावर सगळं गाव होतं, आणि बेंजो पार्टी होती. तिला कोणी थांबायला सांगितलं नाही, म्हणून ती तासभर वाजवत राहिली.

त्या तासाभरात गाळात उभं राहून मामा म्हणाला, "लूमवाल्याला पान्याची काय अक्कल!" आणि काका म्हणाले, "तुझी मोटर नव्यासारखी करून देईन, तवाच तुझ्या दारात पाय ठेवीन." मामा म्हणाला, "मीबी तवाच तुझ्या दारात येईन." बेंजोच्या आवाजात हे काठावर कोणालाच ऐकू आलं नाही. पण होडीतल्या चार माणसांनी ऐकलं, आणि चार माणसांना जे माहीत असतं ते दोन्ही गावांना माहीत असतं. बारा वर्षं दोघांनीही शब्द पाळला. काकी भाऊबीजेला एकट्या जातात आणि एकट्या येतात.

मोटर बारा वर्षं काकांच्या शेडमध्ये गोणपाटात होती. काका मधूनमधून ती उघडत, काहीतरी घासत, पुन्हा बांधत. दर्शनाचं लग्न ठरल्यावर ती कायमची उघडली. पहिली पत्रिका गावदेवाला ठेवली. दुसरी मामाची. ती दुसरी देवाजवळच पडून राहिली. दर्शनाने स्पष्ट सांगितलं होतं, "मामा आला नाही तर मी एकटी चालत बोहल्यावर जाईन. दुसऱ्या कोणाचा हात धरणार नाही. पप्पा, सरळ फोन करा ना त्याला."

"फोनवर मोटर दिसनार कं?" काका म्हणाले.

त्या जातीच्या मोटरचे भाग आता कुठे मिळत नाहीत. काकांना त्याचं काही वाटलं नाही. अन्वरभाई दर शुक्रवारी नमाजनंतर गोणीतून काहीतरी आणायचे आणि शेडच्या जमिनीवर मांडायचे.

"काका, ये स्कूटर का पिस्टन है। नाव का नहीं है।"

"बसंल."

"ये तो फवारणी के पंप का कार्ब्युरेटर है, खेत में दवाई मारने का!"

"थोडं घासलं का बसंल."

मोटर धरून होडी वळवायचं हँडल मोडलं होतं. तिथे काकांनी लूमवर धागा घेऊन धावणारा धोटा बसवला, सागवानी, दोन्हीकडे निमुळता, चाळीस वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. अन्वरभाईंनी तो बघून कपाळाला हात लावला. "काका, इंजन में धोटा लगाओगे तो पानी नहीं कटेगा, कपड़ा निकलेगा!"

"निकलेगा तो तेरा कुर्ता सिलाएगा," काका म्हणाले. हे मात्र त्यांना ऐकू आलं होतं.

मोटर थंड ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा त्यांनी लूमच्या जाड रबरी पट्ट्यातून कातरला. सुरू करायची दोरी लूमच्याच चामडी पट्टीची केली. वरचं झाकण हरवलं होतं, तिथे काकींचं मधलं पातेलं आलं. काकींना ते दोन दिवसांनी कळलं, आणि त्या दिवशी अंगणात हातांनी जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या घरातून गेलेल्या वस्तूंची यादी माझ्याकडे आहे: कुकरची जुनी रिंग, वॉशिंग मशीनचा पाइप हातभर, गाळणी, आणि एक प्लास्टिकचा डबा, ज्याची पेट्रोलची टाकी झाली. मोटरची मूळ टाकी वेगळी असते, ती होडीतच राहते. म्हणजे ती मामाकडे होती, आणि मामाकडे मागायची सोय नव्हती.

तर रविवार, सकाळी दहा.

लूमच्या सांगाड्याला मोटर आवळून बांधली होती, खालचा पंखा पाण्याने भरलेल्या ड्रमात. काकांची अट अशी की मोटर सलग अर्धा तास चालली पाहिजे. खाडी ओलांडायला तेवढाच वेळ लागतो. मी घड्याळ आणि वही घेऊन खुर्चीवर बसले.

काकांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मी नोंदवत गेले. अकराव्या ओढीला मोटर शिंकली. एकविसाव्याला धूर निघाला, तो मोटरचा की काकांचा हे सांगणं कठीण होतं.

"काका, बस करो, दिल का भी तो प्लग है," अन्वरभाई म्हणाले.

काकांनी पेचकस काढला, मोटरला टेकवला, मूठ दाढांत धरली आणि दर्शनाला दोरी ओढायची खूण केली. तिने नखं मोडतील म्हणून ओढणी गुंडाळून दोरी ओढली. काका डोळे मिटून ऐकत होते, किंवा चावत होते. "ठिनगी पडतेय," ते म्हणाले. "पेट्रोल येत न्हाय. मधीच कुठंतरी अडलंय."

त्यांनी पाइप काढून फुंकला. डबा हलवला. गाळणी तपासली. मग लूमचा जॉबर करतो ते केलं: दोन पावलं मागे जाऊन मोटरला शिव्या दिल्या. "जल्ला मेली, बारा वर्सं खाल्लीस!"

काकी तोवर दारात उभ्या राहून लसूण सोलत होत्या. त्यांनी अंगठा दोन बोटांवर चोळला. काकांचं लक्ष मोटरकडे होतं. त्यांनी पुन्हा चोळला. मग सूप खाली ठेवून त्या आल्या, अंबाड्यातला आकडा काढला, कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात घातला आणि आतून काडीएवढा पांढरा कापूस बाहेर ओढला. ज्या शेडमध्ये तीस वर्षं कापड विणलं, तिथे छताच्या पत्र्यापासून जमिनीच्या भेगांपर्यंत कापसाची रुई असते. काकांनी त्याच जमिनीवर बसून चार महिने मोटर जोडली होती. काकींनी कापूस त्यांच्या तळहातावर ठेवला, आकडा अंबाड्यात खोचला आणि लसणाकडे परत गेल्या.

सव्विसावी ओढ. मोटर सुरू झाली.

आवाज असा की शेजारच्या गोदामातले हमाल पळत आले. ड्रममधलं पाणी चौफेर उडालं, माझी वही भिजली, अन्वरभाईंचा कुर्ता निळ्या धुराने भरला. काकांनी दोन्ही तळहात पातेल्यावर ठेवले होते आणि ते हलत नव्हते. मी बत्तीस मिनिटं मोजली. दर्शना ओरडून म्हणाली, "झालं! आता पत्रिका द्यायला जायचं!"

आणि त्यानंतर नऊ दिवस कोणी कुठे गेलं नाही.

सोमवारी काकांनी मोटरला रंग दिला. मंगळवारी तो पसंत पडला नाही. बुधवारी एक बोल्ट बदलला. गुरुवारी जुना बोल्टच बरा होता असं ठरलं. शुक्रवारी अन्वरभाईंनी काही आणलं नाही, तर काका त्यांच्यावर चिडले. मी रोज संध्याकाळी पडघ्याहून येताना शेडमध्ये डोकावत असे. राहिलेल्या कामांची माझी यादी, जी रविवारी शून्यावर आली होती, ती पुन्हा सात कामांवर गेली. दर्शना रोज कमी बोलायला लागली. काकींच्या खुणा छोट्या झाल्या.

गोदामात वीस वर्षं काम केल्यावर एक गोष्ट समजते. माल तयार असेल आणि गाडीत चढत नसेल, तर अडचण मालात नसते. मंगळवारी सकाळी ड्युटीला जाण्याआधी मी शेडमध्ये जाऊन काकांसमोर स्टुलावर बसले, त्यांना माझे ओठ दिसतील असं, आणि विचारलं, "काका, मामा हाकलून देईल असं वाटतं का?"

"देऊंदे. हाकललं तं हातानं हाकलंल. दिसंल मना."

"मग?"

त्यांनी पेचकस खिशातून काढला, बघितला, परत ठेवला.

"जगन हलू बोलतो," ते म्हणाले. "पयल्यापासून. आनि येकदाच बोलतो. रागाचं असूंदे नाय तं चांगलं, दुसऱ्यांदा बोलनार न्हाय. त्या दिसापासून माझं कान लई गेलं, म्याडम. तो चांगलं काय बोलला आनि मना ऐकू न्हाय आलं तं? मी तसाच गाढवासारखा उभा. त्याला वाटंल, माज हाय अजून."

"काकी असतील ना बरोबर."

"ती त्याची भैन. ती मना चांगलंच सांगंल, तो वाईट बोलला तरी." मग माझ्या वहीकडे बोट करून म्हणाले, "तू चल. तू लिवून घेतेस. जसंच्या तसं लिव."

मी सुट्टी टाकली.

टेम्पोत मागे मोटर, गोणपाटात आणि वर काकींची जुनी सतरंजी. पुढे मी, काकी आणि काका, दाढी केलेले, नवा सदरा घातलेले. पुलावरून वळसा घालून सव्वा तास लागला. समोरचा काठ कोनमधून दिसतो, इतका जवळ.

मामा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. बारीक, काळा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने बहिणीला बघितलं, मला बघितलं, मग टेम्पोत बसलेल्या काकांना बघितलं. काका उतरले, पण अंगणाच्या बाहेरच थांबले. पाय ठेवायच्या आधी मोटर बघून घ्यायला हवी, असा करार होता.

मामा उठला. टेम्पोपाशी गेला, सतरंजी बाजूला केली. पातेलं बघितलं. धोट्यावर हात ठेवला, मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. मग काकांकडे न बघता हलकेच म्हणाला, "तेल कनचं घातलंस?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ स्पष्ट हलवून सांगितलं: तेल.

काकांनी सदऱ्याच्या आतून एक डबा काढला, सीलबंद, आणि तो मामाच्या तोंडासमोर धरून ओरडले, "मोटरचं! दुकानातलं! शील बघ! आधीच्या डब्याची पावतीबी हाय!" आजूबाजूच्या चार घरांतली माणसं बाहेर आली.

मामाने सील बघितलं. डबा परत दिला. शेंगांची सालं झटकली. मग एक वाक्य बोलला, अगदी खालच्या आवाजात. मी ते लगेच वहीत लिहिलं आणि वही काकांसमोर धरली. काकांनी ते वाचायला खूप वेळ घेतला. माझं अक्षर स्वच्छ आहे आणि वाक्य चारच शब्दांचं होतं: "लई वर्सं लावलीस, दाजी."

"ही काय लिवतंय?" मामाने बहिणीला विचारलं.

"तुझं बोलनं," काकी म्हणाल्या. "ह्यांना ऐकू येत न्हाय आता."

मामा एकदम काकांकडे वळला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं असावं. "कदीपास्नं?"

काकांनी मान हलवली, कळलं नाही म्हणून. मामा जवळ आला, त्यांचं डोकं एका हाताने धरलं आणि कानाला तोंड लावून गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "आत ये! पानी पी!"

काकांनी अंगणात पाय ठेवला.

आत गेल्यावर मामा शिडी लावून माळ्यावर चढला आणि तांदळाच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उतरला. मोटरची लाल टाकी. झाकण लखलखीत, आत गंजाचा एक ठिपका नाही. "दर दोन म्हैन्यांनी पुसतो," तो म्हणाला, आणि या वेळी आपण होऊन मोठ्याने म्हणाला. "मोटर आली आनि टाकी गंजलेली, तं तू मना सोडला असतास कं?"

काकांनी झाकण उघडून वास घेतला, मग टाकीवर बोटाचं पेर आपटलं, आणि टाकी मांडीवर घेऊनच बसून राहिले. चहा आला तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी काकींना हळूच विचारलं.

"दर भाऊबीजेला बघतंय."

"मग सांगितलं का नाही?"

"दोघांनी इचारलं कवा?" काकी म्हणाल्या आणि पोहे घ्यायला उठल्या.

पत्रिका दिली, अक्षता दिल्या. मामाने पत्रिका डोक्याला लावली. मग जाहीर केलं की भाचीला बोहल्यावर आणायला तो पुलावरून रिक्षात बसून येणार नाही. बारा वर्षं वाट बघितली ती काय रिक्षासाठी? तो पाण्याने येणार. याच मोटरने. सरळ कोनच्या काठाला. काकींनी डोळ्यांना पदर लावला. काकांना मी ते लिहून दाखवलं, तर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चल, आत्ताच लावून बघू. होडी कुठं बांधलीस?"

मामाने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"होडी?" तो म्हणाला. "होडी मोडून आठ वर्सं झाली. मोटर न्हाय, मंग काय वल्हवत बसू?"

 मी वही उघडून मागची पानं बघितली. पिस्टन, रिंग, कॉइल, रबर, दोरी, पातेलं, टाकी, तेल, पत्रिका, अक्षता. बारा वर्षं एक माणूस मोटर जपत होता आणि दुसरा टाकी, आणि चार महिने मी यादी करत होते. होडीचा शब्द कुठल्याही पानावर नव्हता. माझी वीस वर्षांची नोकरी आहे, म्हणून हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते.

त्यानंतर मामा रोज सकाळी आठला कोनला येतो, रिक्षाने, कारण होडी नाही. दोघं काकांच्या स्कूटरवर बसून काठाकाठाने होडी शोधायला जातात. मामा मागे बसतो आणि काकांच्या कानात ओरडून रस्ता सांगतो. पूर्वी ज्यांच्याकडे होड्या होत्या, त्यांच्याकडे आता गोदामं आहेत. एकाची होडी मिळाली, तर तिच्यात कोंबड्या होत्या. दुसऱ्याची गळते. दोघांनी ती अर्धा दिवस तपासली आणि गळती कुठून आहे यावरून भांडून परत आले. दुपारी एका ताटावर जेवतात, म्हणजे काकी दोन ताटं देतात आणि हे दोघं एकमेकांच्या ताटातलं उचलतात. मग शेडमध्ये जाऊन मोटर सुरू करतात. काका तळहात ठेवतात, मामा शेजारी उभा राहतो. त्याला ऐकू येतं, तरी तोही तळहात ठेवतो.

दर्शनाने काल मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हे दोघं खरंच शोधताहेत ना?"

"वहीत तरी तसंच लिहिलंय," मी म्हणाले. मी स्वतः आठ ठिकाणी फोन केले आहेत, तीन ठिकाणी जाऊन आले आहे. हळदीचा मंडप ठरला, जेवणाचे टोप आले, बँड सांगून झाला, चारशे पत्रिका वाटून झाल्या. लग्नाला अकरा दिवस उरले आहेत. होडी अजून मिळालेली नाही.